जायचं तर जा, पण हिशेब चुकता करून: तयार कपड्यांच्या निर्यातदारांना खुले पत्र

प्रति,
तयार कपड्यांचे भारतीय निर्यातदार
आणि अ‍ॅपरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचे जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. तिरुपूर, नोएडा आणि सुरतेत कारखान्यांनी उत्पादन थांबवल्याचे निर्यातदारांच्या महासंघानेच त्या आठवड्यात जाहीर केले, त्यामुळे ते सगळ्यांना कळले. मला फोनवर कळत होते ते वेगळे. जुने सहकारी सांगत होते की केनियात शेड बघायला माणसे गेलीत, इथिओपियाचे पुन्हा चाललेय, बायर म्हणतो माल कुठूनही द्या पण भारतातून नको. एकाने विचारले, "तुम्ही होतात ना इथिओपियात हवासाला, येता का शिलाईची लाइन बसवून द्यायला?" मी नाही म्हटले. कारण फोनवर सांगण्याजोगे नव्हते, ते इथे लिहितो.

पुढे शुल्काचे दर खाली-वर होत राहिले आणि होत राहतील. परदेशातली क्षमता वाढवायचा तुमचा बेत मात्र एका दराच्या भीतीने ठरलेला नाही, तो त्याआधीपासूनचा आहे. गोकलदासचे कारखाने आज केनिया आणि इथिओपियात आहेत, पर्ल ग्लोबलचे बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि ग्वाटेमालात. हे सगळे उघड आहे, कायद्यात बसणारे आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तेव्हा देशप्रेमाचा डोस पाजायला मी हे लिहीत नाही. इचलकरंजीच्या टेक्स्टाइल कॉलेजातून बाहेर पडलेली आमची निम्मी पोरे पोटासाठी ढाका, नैरोबी, अम्मान करत फिरतात. मीही त्यातलाच. मी आयई, म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअर. हातात स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरच्या पाठीमागे उभा राहणारा आणि तिच्या मनातल्या शिव्या खाणारा माणूस. आधी बेंगळुरू, मग ढाक्याजवळचे गाझीपूर आणि शेवटी हवासा.

माझे मागणे एवढेच आहे की परदेशी जाताना दोन्हीकडच्या कामगारांचा शेवटचा हिशेब आधी बाजूला काढून ठेवा, आणि मगच मशीन हलवा.

आता गणित. अमेरिकेत पुरुषांच्या सुती शर्टावर मूळचे शुल्क १९.७ टक्के आहे. दहा डॉलरचा शर्ट धरा. ऑगस्टअखेर तो भारतातून गेला तर मूळचे एक डॉलर ९७ सेंट आणि वरचे पाच, मिळून सहा डॉलर ९७ सेंट. तोच शर्ट केनियाच्या मोम्बासा बंदरातून गेला तर आफ्रिकी देशांना सवलत देणाऱ्या अमेरिकेच्या 'अगोआ' कायद्याखाली मूळचे शुल्क माफ आणि वरचे दहा टक्के, म्हणजे एक डॉलर. फरक जवळजवळ सहा डॉलरचा. ३० सप्टेंबरला अगोआची मुदत संपली आणि केनियाच्या शर्टावरही दोन डॉलर ९७ सेंट बसू लागले. तरी तेव्हा फरक चार डॉलरचा उरलाच.

या चार डॉलरपुढे मजुरी किती? शर्टाचा एसएएम, म्हणजे तो शिवायला लागणारा प्रमाण वेळ, वीस मिनिटे धरा, लाइन पन्नास टक्के एफिशियन्सीने चालते असे धरा, म्हणजे प्रत्यक्षात चाळीस मिनिटे. महिना तेरा हजारांच्या ऑपरेटरची चाळीस मिनिटे बेचाळीसेक रुपयांना पडतात, म्हणजे अर्धा डॉलर. कटिंग, हेल्पर, चेकर, फिनिशिंग सगळे धरले तरी डॉलरच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे ऑपरेटरने फुकट शिवून दिले तरी चार डॉलरची तफावत भरून निघत नाही. कारखाना कुठे असावा हे वॉशिंग्टनमधला एक कागद ठरवतो. तुम्ही त्या कागदामागे धावता आणि फ्लोअरवर मात्र सांगता की 'तुमची प्रॉडक्टिव्हिटी कमी पडली म्हणून ऑर्डर गेली'. हे वाक्य मी तीन देशांत ऐकले आहे. एकदाही ते खरे नव्हते.

कागदामागे धावणे हा या धंद्याचा जन्मजात स्वभावच आहे म्हणा. तुमची कौन्सिल १९७८ साली निघाली आणि पुढची पंचवीसेक वर्षे तिचे मोठे काम कोटा, म्हणजे आयात करणाऱ्या देशांनी घालून दिलेली मालाची मर्यादा, वाटण्याचेच होते. तुमच्यातल्या ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. १९७४ ते २००४ अखेर जगाचा कपड्यांचा व्यापार कोट्यावर चालला. हाँगकाँगचा कोटा भरला की हाँगकाँगवाले मॉरिशसला गेले. २००४ संपताच कोटा गेला आणि त्यांच्यातले बरेच जण मॉरिशसमधून उठले. मादागास्करमध्ये २००९ साली सत्तापालट झाला, अमेरिकेने २०१० पासून त्यांची अगोआची सवलत काढली, आणि ज्यांचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता त्या शिलाईवाल्या घरी बसल्या. लेसोथो तर अमेरिकेला जीन्स शिवून देणारा चिमुकला देश. एप्रिल २०२५ मध्ये त्याच्यावर ५० टक्के शुल्क जाहीर झाले. पुढे ते १५ वर आले, पण मधल्या काळात ऑर्डरी थांबल्या. जुलैत तिथल्या सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. एरवी दुष्काळासाठी, पुरासाठी जाहीर होते, ती.

या सगळ्यात एक स्थलांतर मात्र वेगळे झाले, आणि तुम्ही ते नीट अभ्यासावे अशी माझी इच्छा आहे. सत्तरच्या दशकाअखेरीस बांगलादेशाच्या देश गारमेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. हेतू अगदी तुमचाच. कोरियाचा कोटा संपत आला होता, बांगलादेशावर कोटा नव्हता. पण कराराचा भाग म्हणून १३० बांगलादेशी माणसे बुसानला देवूच्या कारखान्यात सहा महिने शिकायला गेली. नुसती मशीन चालवायला नव्हे, तर मार्केटिंगपासून कटिंगपर्यंत आणि एलसीच्या, म्हणजे बँकेच्या पतपत्राच्या, कागदपत्रांपासून लाइनच्या मांडणीपर्यंत सगळे शिकायला. परत आल्यावर काही वर्षांत त्यांच्यातले ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने हा तोटाच, पण बांगलादेशाचा आजचा धंदा त्यातून उभा राहिला. आज तो देश वर्षाला आपल्या दुपटीहून जास्त कपडे निर्यात करतो. आपली निर्यात सोळा अब्ज डॉलरच्या घरात अडकलेली आहे आणि त्यातला तिसरा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. गाझीपूरला माझे जनरल मॅनेजर कॉलर फिरवायची एक पद्धत दाखवायचे आणि अभिमानाने सांगायचे, ही बुसानहून आलीय.

त्याच बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसे मेली हेही विसरू नका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी आत घेतले गेले, कारण शिपमेंटची तारीख. तेव्हा देवूच्या गोष्टीचे मी पोवाडे गात नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. देवू गेली, मागे काही राहिले. हवासातून आपण निघालो तेव्हा काय राहिले, ते सांगतो.

हवासा हे अदिस अबाबाच्या दक्षिणेला तळ्याकाठी वसलेले देखणे शहर. २०१६ मध्ये तिथे औद्योगिक पार्क उघडले. चिनी कंत्राटदाराने ते नऊ महिन्यांत उभे केले होते. सरकारने साठ हजार रोजगारांचे आकडे सांगितले, अमेरिकेची पीव्हीएच ही कपड्यांची कंपनी मुख्य बायर म्हणून आली, आणि तिच्या मागोमाग भारतीय, श्रीलंकन, चिनी, हाँगकाँगचे कारखानदार. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा शुद्धीकरण प्रकल्प होता, पाहुणे आले की आधी तो दाखवत. आम्हा इचलकरंजीकरांना त्याचे जास्तच अप्रूप, पंचगंगेचे पाणी आम्ही पाहिलेय.

कापड मात्र तिथले नव्हते. सूत, कापड, बटणे, झिप, लेबल, पुठ्ठ्याचे खोके, सगळे समुद्रातून जिबूतीला आणि तिथून शेकडो किलोमीटर जमिनीवरून वर यायचे. शिवलेला माल त्याच वाटेने परत. एक कंटेनर बंदरात अडकला की लाइन रिकामी, आणि लाइन रिकामी राहिली की शेवटी माल विमानाने पाठवायचा, म्हणजे त्या ऑर्डरचा नफा गेला. इथिओपियाकडे विकण्यासारखे दोनच होते, अगोआची शुल्कमाफी आणि स्वस्त हात.

हात किती स्वस्त? मूळ पगार महिन्याला २६ डॉलर. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलच्या अहवालात हा आकडा आला आणि बोभाटा झाला. तेव्हा बांगलादेशात तो ९५ होता. इथिओपियात खासगी क्षेत्रासाठी किमान वेतनाचा कायदाच नव्हता, त्यामुळे २६ डॉलर पूर्णपणे कायदेशीर. पार्कमध्ये वसतिगृहे नव्हती आणि मुली आलेल्या आसपासच्या सिदामा भागातल्या खेड्यांतून. शहराबाहेर चार-चार जणींनी एक खोली घ्यायची, पार्क वाढले तसे खोलीचे भाडे वाढायचे, पगार तिथेच. उरायचे काय, तर दुपारी कॅन्टीनमध्ये मिळते ते जेवण. आमच्यातले काही साहेब चहाच्या टेबलावर म्हणायचे की इथल्या पोरी आळशी, सुट्टीनंतर परत येत नाहीत. वर्षभरात जवळजवळ सगळी लाइन बदलायची हे खरे. पण ज्या नोकरीत घरून पैसे मागवावे लागतात, ती सोडून मुलगी शेतावर परत गेली तर तिला हिशेब चांगला येतो असेच मी म्हणेन.

शिकवणे कसे चालते ते तुमच्यातल्या दुसऱ्या पिढीतल्या मालकांना कदाचित माहीत नसेल, कारण ट्रेनिंगच्या खोलीकडे कुणी फिरकत नाही. नव्या मुलीला पहिल्या दिवशी कापड देत नाहीत. मशीनमध्ये दोरा न ओवता कागदावर शिलाई मारायला लावतात. कागदावर रेघा छापलेल्या असतात, आधी सरळ, मग चौकोन, मग गोल गोल आत जाणाऱ्या. सुईची भोके रेघेवरून पडली पाहिजेत. पायाचा जोर कळत नाही तोवर मशीन भस्सकन पळते आणि भोके कागदाबाहेर. हवासात वेळेची आणखी एक गंमत. तिथले घड्याळ सकाळी सहाला शून्यापासून मोजते, म्हणजे आपले सात ते त्यांचे एक. पहिल्या आठवड्यात 'सातला या' म्हटले की निम्म्या मुली दुपारी एकला हजर होतील, म्हणून आम्ही फळ्यावर दोन्ही वेळा लिहीत असू. कागदावरून कापडावर, कापडावरून साध्या साइड-सीमवर, मग बाहीवर. कॉलर सगळ्यात शेवटी. कॉलर जोडताना नॉच, म्हणजे खुणेची खाच, जुळवावा लागतो, दोन्ही टोके सारखी यावी लागतात, आणि कापड ओढायचे नसते, सोडायचे असते. हे सांगून येत नाही. एक मुलगी होती, लांब बोटांची, बोलायची फारच कमी. तिला कॉलरवर बसवले तेव्हा तासाला पाच-सहा नग निघत आणि त्यातले निम्मे अल्टरला परत. सुपरवायझर तिला हेल्पर करायला निघाला होता. काही महिन्यांनी तीच कॉलर त्या लाइनची सर्वात स्वच्छ कॉलर झाली, आणि बायरचा क्यूए, म्हणजे दर्जा तपासणारा, आला की मुद्दाम तिच्या मशीनशी थांबायचा.

मग कागद बदलला. नोव्हेंबर २०२० मध्ये देशाच्या पार उत्तरेला टिग्रेत युद्ध पेटले. हवासा दक्षिणेला. २ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेने इथिओपियाची अगोआची सवलत काढत असल्याचे जाहीर केले, १ जानेवारी २०२२ पासून ती गेली. पीव्हीएच त्याच नोव्हेंबरात निघाली. युद्ध कुणी केले, मानवी हक्क कुणी तुडवले, हे प्रश्न गंभीरच होते. पण अमेरिकेने ज्यांच्यावर दबाव आणायचा ठरवले त्यांच्यापैकी कुणाचा महिन्याचा पगार त्याने थांबला नाही, कॉलरवाल्या मुलीचा थांबला.

आम्ही ज्या कारखान्यात होतो त्याचे नाव घेत नाही, कारण जे झाले ते एकाच ठिकाणी झाले असे मला वाटत नाही. लाइन टप्प्याटप्प्याने बंद झाल्या. मशीनची यादी करायला बाहेरून माणसे आली. सिंगल नीडल, ओव्हरलॉक, फीड ऑफ द आर्म, प्रत्येकाचा सिरियल नंबर तीन-तीनदा पडताळला, कारण जिबूतीच्या कस्टमला एक आकडा चुकलेला चालत नाही. कामगारांच्या यादीला असा कस्टम नव्हता. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षाला तीस दिवसांचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला त्याच्या एक तृतीयांश असा सेव्हरन्स, म्हणजे नोकरी संपताना द्यायची भरपाई, बसतो, म्हणजे रुजू झाल्याच्या तारखेवर सगळे अवलंबून. आणि कितीतरी जणींच्या तारखा चुकलेल्या. ट्रेनिंगचे महिने धरलेलेच नव्हते. काहींची मधली गैरहजेरी म्हणजे नवी नोकरी असे नोंदवून सुरुवात पुन्हा शून्यापासून केलेली. ट्रेनिंगच्या कपाटात पहिल्या दिवसाचे ते कागद होते, भोके पडलेले, कोपऱ्यात टोकन नंबर आणि तारीख. ते गठ्ठे एचआरच्या टेबलावर नेऊन ठेवले तेव्हा ज्या मुली अजून शहरात होत्या त्यांचे हिशेब दुरुस्त झाले. ज्या गावी निघून गेल्या होत्या त्यांना कळवणार कोण? पैसे म्हणाल तर किती, मूळ पगारच एवढासा. त्या सगळ्यांच्या थकबाकीची बेरीज एका कंटेनरच्या भाड्याला पोचली नसती. तरीही ती द्यायला कुणाकडे डोके नव्हते. पुढच्या देशातल्या शेडचे नकाशे टेबलावर आलेले होते.

हे आफ्रिकेत घडले म्हणून इथल्यांनी सुस्कारा टाकू नये. बेंगळुरूच्या फ्लोअरवरही मी हेच पाहिलेय. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे भरायला आली की राजीनामा घ्यायचा, पीएफ काढायला लावायचा आणि आठवड्याने नवा टोकन नंबर देऊन तिलाच त्याच मशीनवर बसवायचे. बाईला वाटते हातात पैसे आले, आणि तिची पाच वर्षे कागदावरून जातात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षात ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, हे चांगले झाले. त्याच वेळी कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. आपल्या धंद्यात एका छताखाली दोनशे नव्वद माणसे ठेवणे काय अवघड आहे? शेजारची शेड दुसऱ्या नावाने घेतली की झाले.

मराठी माणसाला तर हे समजावायची गरजच पडू नये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप, अडीच लाख कामगार, आणि त्यानंतर हळूहळू कुलूप लागत गेलेल्या गिरण्या. तेव्हा कापड परदेशी गेले नव्हते, भिवंडी, मालेगाव आणि आमच्या इचलकरंजीच्या मागांवर आले होते. आमच्या गावाला त्याचा फायदाच झाला, ते लपवण्यात अर्थ नाही. पण गिरण्यांच्या जमिनींचा भाव ठरायला किती कमी वर्षे लागली आणि गिरणी कामगारांच्या घरांची सोडत संपायला किती लागताहेत, तेवढे एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. देणी मागाहून देऊ म्हटले की ती नातवंडांपर्यंत जातात.

आता माझे म्हणणे पैशांत मांडतो, कारण तुम्ही धंदेवाईक माणसे आहात आणि मीही. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के. कपातीची भरपाई साधारण तेवढीच. दोन्ही मिळून दहा टक्के धरा. शर्टाची मजुरी एक डॉलर धरली तर शर्टामागे दहा सेंट. चार डॉलरच्या शुल्कासाठी तुम्ही समुद्र ओलांडता, आणि बायरने डिस्काउंट मागितला तेव्हा दहा सेंटपेक्षा कितीतरी जास्त एका ईमेलवर सोडून देता. हे दहा सेंट दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, जे खाते कंपनीच्या रोजच्या व्यवहारात वापरता येणार नाही आणि बँकेने कर्जापोटी उचलता येणार नाही. भारतातल्या कारखान्यासाठी तर हवेच, पण केनियात, इथिओपियात, जिथे जाल तिथेही पहिल्या महिन्यापासून. ज्या देशात कायदा मागत नाही तिथे तर नक्कीच. तुमच्या हिशेबात ही रक्कम कशाखाली घालायची हे तुमचे सीए ठरवतील, घसाऱ्याखाली मशीनची झीज दरवर्षी न चुकता घालताच ना?

दुसरे, सूचना. बायरला तुम्ही सहा महिने आधी सांगता की पुढचा सीझन कुठून येईल. ती बातमी त्याच दिवशी लाइनवरही कळली पाहिजे. तुम्ही म्हणाल, मग चांगले ऑपरेटर आधीच सोडून जातील. जातील. त्यांना जाऊ द्या. त्यांनी दुसरीकडे नोकरी शोधायची ती वेळ तुमच्या सोयीने त्यांच्याकडून का काढून घेता? आज काय होते, तर सोमवारी गेटवर नोटीस आणि आत सामसूम. मग महिलांचे घोळके कामगार आयुक्तांच्या दारात, आणि मालकाचा फोन बंद.

तिसरे, शिकवणे. नव्या देशात लाइन बसवताना सुपरवायझर, टेक्निशियन, मर्चंडायझर सगळे आपले नेता आणि तिथल्यांना फक्त पॅडल देता. माझ्यासारख्यांचे पोट त्यावर भरते, तरी सांगतो, हे कमी करा. दोन वर्षांत निम्मे सुपरवायझर तिथले असावेत, मशीन दुरुस्त करणारे सगळे तिथले असावेत. कॉस्टिंग करायला तिथल्या दोन-चार मुली बसवा. त्यातली एखादी उद्या तुम्हाला सोडून स्वतःची वीस मशीन टाकेल. देवूने शिकवलेले ११५ गेले, देवू बुडाली ती त्यांच्यामुळे नव्हे.

कौन्सिलला वेगळे सांगणे आहे. तुम्ही दिल्लीत टॅरिफवर निवेदने देता, व्याजसवलत मागता, हप्त्यांना मुदतवाढ मागता. मागा, धंदा अडचणीत आहे हे कुणी नाकारत नाही. पण त्या निवेदनांत कामगार येतो तो फक्त आकडा म्हणून, 'इतक्या लाख रोजगारांवर गदा' असा. जो सदस्य सरकारी सवलतीवर शेड उभी करतो आणि पाच वर्षांत बाहेर जातो, त्याची देणी चुकती झाल्याचा दाखला सदस्यत्वाच्या नूतनीकरणाला का लावू नये? राज्य सरकारांनाही हेच विचारता येईल. महाराष्ट्राचे वस्त्रोद्योग धोरण २०२३ ते २८ चे आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठेत पीएम मित्र पार्क होते आहे, भांडवली अनुदानाची जाहिरात जोरात आहे. विदर्भातला कापूस विदर्भातच शिवला जावा ही कल्पना मलाही आवडते. पण येणाऱ्यांच्या पायघड्यांबरोबर जाणाऱ्यांसाठीही करारात एक कलम असू द्या. हवासातही पायघड्या चांगल्याच होत्या.

यावर तुमचे उत्तर मला पाठ आहे: बायर पैसे देत नाही, आम्ही एकट्याने दहा सेंट वाढवले तर ऑर्डर शेजाऱ्याकडे जाईल. खरे आहे, एकट्याने केले तर जाईल. म्हणूनच हे पत्र एकाला लिहिलेले नाही. १९७८ पासून तुमची एक कौन्सिल आहे, कोटा वाटताना तुम्ही सगळे एका खोलीत बसून एक नियम पाळत होतात. पुढच्या सीझनचे कॉस्टिंग सुरू होईल तेव्हा कापड, ट्रिम्स, सीएमटी (कापण्या-शिवण्याचा खर्च), फ्रेट, शुल्क या ओळींखाली 'कामगार देणी, वेगळे खाते' अशी ओळ घालून ती बायरला दाखवा. तो ती खोडायला सांगेल. ती खोडायला कुणी सांगितली, कुठल्या ब्रँडच्या कुठल्या ऑफिसातून, हे कौन्सिलने लिहून ठेवावे आणि सहा महिन्यांनी छापावे. त्यांच्या वेबसाइटवर कामगारांच्या हक्कांची पाने कमी नाहीत, त्या पानांशेजारी आपली यादी लावता येईल.

केनियात लाइन बसवायला माणूस हवा असेल तर आधी हे खाते उघडल्याचा कागद दाखवा. मग मी येतो, आणि गावातली आणखी दोन-चार चांगली पोरे घेऊन येतो.

कळावे.

आपला,
एक निवृत्त आयई,
इचलकरंजी